कालनिर्णय बघून मालवण

नागपूरच्या माणसाला समुद्राचं फार वेड, आणि कारण एकदम सोपं आहे, तो आमच्यापासून सगळीकडूनच लांब आहे. झिरो माइलच्या खांबाजवळ उभं राहून कुठंही तोंड करा, समुद्र यायला एक रात्र तरी गाडीत काढावीच लागते. म्हणूनच फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही चौपाटी म्हणतो आणि मक्याचं कणीस खात समाधान मानतो.

तर यावर्षी ठरवलं, खराखुरा समुद्र. नवरा नेहमीप्रमाणे "गोवाच करू ना" म्हणाला, पण मला ती गर्दी नको होती, मला एक छोटंसं गाव पाहिजे होतं जिथं सकाळी उठून चालत समुद्रावर जाता येईल आणि दुपारी कोणाच्या तरी घरगुती खानावळीत बसून कोंबडी-वडे हाणता येतील. म्हणून मालवण.

पहिली तारीख मी काढली ती जूनची. आमच्या डोक्यात साधा हिशोब, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे तिकडची पोरं शाळेत गेली की हॉटेलं स्वस्त आणि आपण निवांत, शिवाय नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भाजून निघालेलो असतो तेव्हा गार वारा मिळेल. ऑफिसमध्ये एक जण मूळची मालवणजवळच्या कुडाळची आहे, तिला हा प्लॅन सांगितला तर ती डबा खाता खाता थांबलीच. "जूनमध्ये येऊन काय करणार गो तू? समुद्राकडे बघत बसणार?" मग तिनं सांगितलं की पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, तारकर्लीचं स्कुबा बंद, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाच बंदी, कारण तो माशांचा अंडी घालायचा काळ आणि दर्याही खवळलेला. म्हणजे एवढ्या दूर जाऊन बर्फातली सुरमई खायची. तेवढी तर आमच्या इथंही मिळते.

तेव्हा कळलं की आपण नागपूरचं कॅलेंडर घेऊन समुद्राकडे निघालो होतो आणि समुद्राचं कॅलेंडर वेगळंच आहे.

मग दिवाळीची सुट्टी? तेव्हा अख्खं पुणं-मुंबई तिकडेच. डिसेंबर? इथं विधानसभेचं हिवाळी अधिवेशन, शहरात निम्मे रस्ते बंद आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. आणि या सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना सोडून जायचं नाही असं पोरीनं जाहीर करून टाकलेलं.

आईंचं पहिलं म्हणणं, "पाणीच पाह्यचं हाय तं फुटाळ्यावर चाला ना, दोन दिवस गाडीत कायले बसायचं?" दुसरं म्हणणं, समुद्राचा मासा वास मारते. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, तिकडे गावोगावी तलाव, त्यामुळे मासा म्हणजे रोहू नाहीतर कतला, तोही ढिवराकडून, म्हणजे तलावात मासे धरणाऱ्याकडून, जिता आणलेला. आणि तिसरं, खरं म्हणणं, चातुर्मास. त्यात त्या मासमच्छी खात नाहीत, तो सुटतो कार्तिकी एकादशीला, आणि मार्गशीर्ष लागला की लगेच गुरुवार चालू. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मोजलं, मधे अठरा-एकोणीस दिवस मिळतात. गंमत म्हणजे तेच दिवस मालवणसाठी मस्त! पाऊस गेलेला, होड्या सुरू, दिवाळीची गर्दी ओसरलेली, अधिवेशन अजून लागायचंय. एवढं फिट्ट मला एक्सेल शीट घेऊन बसले असते तरी जमलं नसतं.

आता जायचं कसं. समृद्धी महामार्गावरून 701 किलोमीटर सुसाट जाता येतं हे खरं, पण तो रस्ता तुम्हाला भिवंडीजवळ आमण्याला नेऊन सोडतो आणि तिथून पुढे मुंबई-गोवा हायवे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग होईल तेव्हा होईल, तोवर पोरगी कॉलेजात जाईल. राहिली ट्रेन. मुंबईला जाऊन रात्रीची कोकणकन्या पकडायची, म्हणजे मधला अख्खा दिवस सामान आणि आई सांभाळत मुंबईत काढायचा. किंवा नागपूर-मडगाव स्पेशल, आठवड्यातून दोनदा, थेट कुडाळला उतरवते, चोवीस तासांच्या वर लागतात पण गाडी बदलायची भानगड नाही. स्पेशल असल्यामुळे तिची मुदत वाढते का यावर डोळा ठेवावा लागतो. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते तेव्हा माझ्यासारख्या अतिउत्साही लोकांचं बरं होतं. कुडाळहून मालवण पुढे तासाभराचं, रिक्षा नाहीतर एसटी.

पण आई खऱ्या तयार झाल्या त्या भरती-ओहोटीमुळे. कुडाळवालीनं मला एक हिशोब शिकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढेमागे ओहोटी. मी घरी येऊन हे सांगितलं तर आई चष्मा लावून कालनिर्णयसमोर उभ्या! "म्हंजे संकष्टीले तीन वाजता. मंग सकाळी नऊले पाणी मांगं असंन, तवा पोरीले घेऊन जाऊ." पन्नास वर्षं चतुर्थ्या-एकादश्या धरणाऱ्या बाईला कोणी पहिल्यांदाच सांगितलं होतं की हे सगळं समुद्रालाही लागू आहे. त्या दिवसापासून वेळापत्रक त्यांच्या हातात गेलं, मी फक्त तिकिटवाली.

किल्ल्याचंही त्यांनीच ठरवलं. महाराजांनी 1664 ला कुरटे बेटावर काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं, तीन वर्षांत किल्ला उभा केला, हे मी सांगत होते तोवर त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या, पण चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी म्हटल्यावर हातातली मेथी खाली ठेवली. "गोडं पाणी? समुद्रात?" ते पाणी चाखल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलंय. जेवणात त्यांना आधी सोलकढी द्यायची, मग तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि बांगडा सगळ्यात शेवटी, असा माझा डाव आहे. सावजी पचवणाऱ्या माणसाला तिखटाचं काही नाही, माशाच्या आमटीत घालतात त्या तिरफळाचा वास तेवढा जमला पाहिजे.

नवऱ्यानं आठ वाजताचा अलार्म लावलाय, तिकीट उघडायच्या दिवसाचा. आईंनी कार्तिकातली संकष्टी धरून मुक्काम आखलाय, तो एक दिवस उपास, मासे आदल्या आणि दुसऱ्या दिवशी. काल रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "चंद्र समुद्रातून वर येताना पाहीन अन् मंगच उपास सोडीन." मालवणला समुद्र पश्चिमेला आहे, चंद्र आमच्या पाठीमागून माडांतून उगवणार. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.