सरांची फळी

ग्रुपवर मेसेज आला की शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी काहीतरी लिहून पाठवा, आणि खाली एक ओळ होती की टेक्निकलचे सर कार्यक्रमाला येणार आहेत. ती ओळ वाचली आणि त्याच रात्री लिहायला बसलो. फौजेत सव्वीस वर्षं काढली, तिथे माझं लिहिणं म्हणजे जॉब कार्ड आणि रिपोर्ट, त्यामुळे जसं सुचेल तसं लिहितोय. ग्राउंड, गॅदरिंग, प्रार्थना याबद्दल बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे.

वर्कशॉपमधलं हिरवं कपाट सगळ्यांना आठवत असेल. दार उघडलं की आत प्लायची फळी आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार सरांनी स्वतः पांढऱ्या रंगाने काढलेला, इथे कानस, इथे हॅकसॉ, इथे गुण्या. तास संपायला दहा मिनिटं राहिली की सगळं पुसून जागच्या जागी लावायचं. मग सर समोर उभे राहायचे, आणि जिथे पांढरा आकार रिकामा दिसेल तिथे नुसतं बोट ठेवायचे, बोलायचे काही नाही. ती जागा भरल्याशिवाय कपाटाला कुलूप नाही आणि कुलूप लागल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

नववीत असताना एकदा त्रिकोणी कानशीची जागा रिकामी राहिली. कानस माझ्याच हातून मोडली होती, अडकलेला तुकडा मी तिने उचकटायला गेलो आणि काड्कन दोन तुकडे झाले, घाबरून मी ते भंगाराच्या डब्यात खाली सरकवले. सगळी बॅच अर्धा तास उभी, बाहेर अंधार पडायला लागलेला, मुलं एकमेकांकडे बघतायत. शेवटी मलाच राहवेना, मी डब्यातून तुकडे काढून सरांच्या हातात दिले. मला वाटलं आता छडी. सरांनी मला खिडकीपाशी नेलं, मोडलेली बाजू उजेडात धरली आणि म्हणाले, बघ, साखरेसारखे दाणे दिसतात ना, कडक पोलाद असंच मोडतं, ते वाकत नाही, म्हणून कानशीने घासायचं, उचकटायचं नाही. मग दोन्ही तुकडे फळीवरच्या आकारात नीट जुळवून ठेवले आणि बॅचला म्हणाले, सापडली, चला घरी. कोणी मोडली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, भरती झालो. हे कोअर १५ ऑक्टोबर १९४३ ला उभं राहिलं, 'कर्म ही धर्म' हे त्याचं ब्रीद. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सुरुवातीला शक्तिमान गाड्यांवर हात बसला, मग अशोक लेलँडच्या स्टॅलियन ट्रकवर, काही वर्षं टी-७२ रणगाड्यांवरपण काम केलं, त्याचं बारा सिलिंडरचं ७८० हॉर्सपॉवरचं इंजिन पहिल्यांदा क्रेनला लटकलेलं बघितलं तेव्हा सरच आठवले, त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं असं वाटलं.

पण खरं सांगायचंय ते लडाखमधल्या एका रात्रीचं. मी हवालदार होतो, हाताखाली नऊ पोरं. तिथल्या थंडीत गाडी सांभाळणं म्हणजे वेगळंच काम, संध्याकाळी एअर टँकमधलं पाणी काढलं नाही तर रात्रीत ते लाइनमध्ये गोठतं आणि सकाळी ब्रेकचा भरवसा नाही, बॅटरी अर्धमेली होते, उघड्या हाताने पाना धरला तर कातडी चिकटते. त्या दिवशी एका स्टॅलियनची क्लच प्लेट बदलायची होती आणि पहाटे पाचला कॉन्व्हॉय निघणार होता. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली, परत चढवला, सगळे बोल्ट टाइट, तोपर्यंत रात्रीचा एक वाजलेला. पोरं थकून गेलेली. मी टूलबॉक्स मोजला तर सतरा नंबरची गोटी, म्हणजे बोल्ट फिरवायचा सॉकेट, नाही.

कोणी म्हणालं बर्फात पडली असेल, कोणी म्हणालं सकाळी शोधू. मला तो रिकामा पांढरा आकारच डोळ्यासमोर दिसत होता. क्लच हाऊसिंगमध्ये गोटी राहिली आणि हजार-दोन हजार आरपीएमने फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये अडकली, तर भरलेली गाडी भर घाटात बंद पडणार, आणि मागे सगळा कॉन्व्हॉय. मी एवढंच म्हटलं की कोणाला काही आठवत असेल तर सांगा, मी ओरडणार नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग सर्वात नवीन क्राफ्ट्समन, म्हणजे आमच्या कोअरचा साधा जवान, ट्रेनिंग सेंटरमधून येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं त्याला, खाली बघत म्हणाला, उस्ताद, शायद अंदर रह गई.

गिअरबॉक्स परत उतरवला. गोटी हाऊसिंगच्या तळाशी, ग्रीसमध्ये. पोरगा थरथरत होता, थंडीने की भीतीने माहीत नाही. मी गोटी पुसून बॉक्समध्ये तिच्या जागेवर ठेवली आणि म्हटलं, मिल गई, चलो चढाओ. गाडी एक तास उशिरा निघाली, साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं की गोटी आत राहिली होती आणि मोजणी माझी होती. नाव नाही सांगितलं.

त्यानंतर माझ्याकडच्या प्रत्येक टूलबॉक्सच्या झाकणात मी पांढऱ्या रंगाने आकार काढून घेतले. गाडी बाहेर सोडायच्या आधी मोजणी, आणि टाइट केलेल्या नटावर रंगाची खूण ज्याने टाइट केला त्यानेच करायची. चूक स्वतःहून सांगितली तर ओरडा नाही, लपवली तर मात्र माफी नाही. माझ्या हाताखाली कामं बिघडली नाहीत असं नाही, पण रात्री दोन वाजता येऊन माझ्याकडून चुकलं असं सांगणारी पोरं माझ्याकडे होती, ही गोष्ट मला प्रमोशनपेक्षा मोठी वाटते. सुभेदार म्हणून रिटायर झालो. तो लडाखचा पोरगा आता स्वतः हवालदार आहे, मागच्या दिवाळीत त्याने त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणाचा फोटो पाठवला होता.

मध्ये एकदा शाळेत येऊन गेलो. वर्कशॉपच्या जागी आता कॉम्प्युटर रूम आहे. कॉम्प्युटर पाहिजेतच, पण दहावीपर्यंत एकाही पोराच्या हातात कानस येत नाही याचं फार वाईट वाटलं. हिरवं कपाट मागच्या व्हरांड्यात होतं, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गठ्ठे बाजूला करून बघितलं तर फळी तशीच आहे, रंग उडालाय पण आकार कळतात, त्रिकोणी कानशीचासुद्धा.

कमिटीला एकच विनंती आहे, कार्यक्रमाच्या दिवशी ते कपाट रिकामं करून हॉलमध्ये आणून ठेवा. हत्यारं मी आणतो, पूर्ण सेट. सर आले की मोजून घेतील.