चकली, कडबोळी आणि शतपावली

ऑक्टोबरच्या शेवटी नाना, म्हणजे माझे सासरे, सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडात लीड्सला आले. मागच्या अंगणातल्या लाकडी खुराड्यात वाकून बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घुशी पाळल्यात होय गं?"

माझी लेक संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मग तिनेच त्यांना समजावलं की हे गिनीपिग आहेत. गिनीतले नाहीत, डुकरंही नाहीत, मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतले. दोघी बहिणी. एकीच्या अंगावरचे केस जागोजागी भोवऱ्यासारखे फिरलेले, म्हणून ती चकली. दुसरी नुसतीच गोल, म्हणून कडबोळी. फराळाची नावं ऐकल्यावर नाना जरा निवळले.

नोव्हेंबरात एका सकाळी पाहते तर खुराड्यातल्या पाण्याच्या बाटलीची नळी गोठलेली. मी दोघींना घरात आणायचं म्हटलं, तर नानांना पटेना. डोंगरातल्या जनावराला थंडीचं काय कौतुक? पण रानातले त्यांचे भाऊबंद दाट गवतात, बिळांत, घोळक्याने राहतात. आमच्याकडे फक्त दोघी, आणि इथली थंडी ओली. शिवाय माणसाळलेला गिनीपिग पेरूमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिला तो स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. (तिथे तो चुलीवरही जातो, पण हे मी लेकीसमोर नानांना सांगितलं नाही.) नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये ठेवू. पण तिथे गाडी असते, आणि गाडीचा धूर या जिवांना सोसत नाही. शेवटी जिन्याखाली चार फुटी पिंजरा मांडला.

ऊब मिळाली, पण दोघी कोपऱ्यात बसल्या त्या बसल्याच. खायचं, लेंड्या टाकायच्या, पुन्हा खायचं. कडबोळी तर नावाला जागायला लागली. उन्हाळ्यात याच दोघी हिरवळीवर जाळी लावून दिली की तासन्‌तास पळायच्या. आता बाहेर गवतावर दहिवर आणि पायाखाली चिखल. उंदरासाठी मिळतं तसं फिरतं चाक आणायचं लेकीच्या मनात होतं, पण गिनीपिगची पाठ तशी वाकत नाही, चाकाने मणका दुखावतो. याला सपाट मोकळी जमीनच लागते. आणि आमच्या घरात सपाट मोकळी जमीन एकच होती, पुढची बैठकीची खोली.

ही खोली मी जपलेली. पाहुणे आले तरच तिथे चहा. तिथे लेंड्या पडणार या कल्पनेने मी दोन दिवस विषय टाळला.

निर्णय नानांनीच घेतला. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस. टेप घेऊन खोली मोजली, काचेचं टेबल भिंतीला उभं केलं, आणि वहीच्या मागच्या पानावर चक्क नकाशा काढला. गुळगुळीत फरशीवर गिनीपिगचे पाय घसरतात म्हणून खाली माझ्या दोन सोलापुरी चादरी अंथरल्या. भोवती उन्हाळ्यातलीच जाळी. मधोमध नागमोडी वाट, कालव्यासारखी.

त्या वाटेने एकदाही कुणी गेलं नाही. दोघी जाळीच्या कडेकडेने सुसाट धावायच्या आणि मधला उघडा भाग दिसला की थबकायच्या. शिकार होणाऱ्या प्राण्याला वर आभाळ मोकळं असलं की घारीची भीती. इथे वर माझं झुंबर होतं, पण ते त्यांना कोण सांगणार? नानांनी हार मानली नाही. "पाणी उताराने जातं, ह्या कडेने जातात. आडोसा द्यायला पाहिजे." पुठ्ठ्याची खोकी आली. प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे एकीने दुसरीला आत कोंडायला नको. खोकी ठेवताच मधून वाहतूक सुरू झाली. तिसऱ्या दिवशी चकलीने जागच्या जागी चार उड्या मारल्या, तव्यावर लाही फुटावी तशा. आनंद झाला की त्या अशाच उडतात. नानांनी मला हाक मारून बोलावलं, पण मी पोचेपर्यंत लाह्या संपल्या होत्या.

मग दोघींचं सगळंच नानांकडे गेलं. वाळलेल्या गवताला ते कडबा म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात, तो कडबा चावूनच झिजतात. रोज ढब्बू मिरचीचा तुकडा, कारण माणसासारखंच त्यांच्या शरीरालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. फ्रिजचं दार उघडलं की दोघी अशी शिट्टी देतात की मी दोनदा गॅस बंद करायला धावले आहे. एकदा नानांच्या हाताखालून कडबोळी निसटली आणि तिने इंटरनेटची वायर कुरतडली. सांगलीच्या मित्रांशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच तुटला. तेव्हापासून सगळ्या वायरी पाइपात.

एक कुरबूर मात्र आहे. गिनीपिगना साधारण 17 ते 20 अंश मानवतं, म्हणून मी हीटिंग 18 वर ठेवते. "मी आलो तेव्हा सोळावर होतं," नाना कानटोपीतून म्हणाले. खरं होतं. बिलाचं कारण तेव्हा मीच सांगितलं होतं.

सांगलीत नाना रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत जाऊन यायचे आणि रात्री जेवल्यावर शतपावली ठरलेली. इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारला दिवस मावळतो, फुटपाथवर बर्फाची निसरड, आणि पाय मोडला तर काय या धाकाने आम्हीच त्यांना बाहेर सोडत नव्हतो. पहिले काही दिवस ते सोफ्याच्या कोपऱ्यात शाल घेऊन बसून होते. हे माझ्या लक्षात यायला खरं तर पिंजऱ्याचं निमित्त व्हायला नको होतं.

आता जेवण झालं की ते पुढच्या खोलीत जातात. जाळीच्या बाहेरून नाना, आतून त्या दोघी, एकाच दिशेने. नाना मोठ्याने मोजतात. काल मी दारात उभी राहून ऐकत होते. सत्तरच्या आसपास कडबोळी अचानक उलटी फिरली, नानाही वळले, आणि आकडा विसरले.

"हिच्यामुळं चुकलं बघ," म्हणाले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.