कौल वीस वेळा लावायचा: बेब रूथ बॉस्टनमध्येच राहिला असता तर

देवळात कौल लावतात तो एकदाच. मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. दुसऱ्यांदा विचारायला भटजी देत नाहीत. संगणकावर इतिहासाचं ‘जर-तर’ खेळणारे बहुतेक जण हाच नियम पाळतात आणि तिथेच फसतात. एक बदल केला, एक हंगाम चालवला, बॉस्टन पहिलं आलं, लगेच स्क्रीनशॉट आणि निष्कर्ष. तो निष्कर्ष नसतो, एक पाकळी असते.

बेसबॉलमध्ये या खेळासाठी ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या संगणक-खेळासारखं दुसरं साधन नाही. १८७१ पासूनचा कुठलाही हंगाम खऱ्या खेळाडूंसकट उघडता येतो. नवी आवृत्ती दर वर्षी निघते, पण ऐतिहासिक प्रयोगांना एक-दोन वर्षं जुनी आवृत्तीही पुरते आणि सेलमध्ये ती बरीच स्वस्त मिळते. उदाहरण म्हणून सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न घेऊ, बेब रूथ हा बड्या फटक्यांचा बॅटर बॉस्टनमध्येच राहिला असता तर?, कारण तो प्रयोगाला फार सोयीचा आहे.

२६ डिसेंबर १९१९ रोजी बॉस्टन रेड सॉक्सने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकलं. किंमत १ लाख डॉलर, शिवाय फेनवे पार्क हे मैदान तारण ठेवून सुमारे ३ लाखांचं कर्ज. बदल्यात खेळाडू एकही नाही. डेंपो-साळगावकर या फुटबॉल क्लबांच्या जमान्यातल्या ट्रान्स्फरच्या गप्पा ऐकलेल्या गोंयकाराला हे समजावून सांगायला नको: माणूस तिकडे, पैसे इकडे. अदलाबदल नसल्यामुळे सौदा रद्द करायला एकच माणूस परत आणावा लागतो. इतका स्वच्छ बदल बेसबॉलच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

सुरुवात १९२० च्या हंगामापासून करायची, १९१९ पासून नव्हे. १९१९ पासून केलीत तर मधला एक अख्खा हंगाम तुमच्या जगात वेगळा घडतो आणि डिसेंबरपर्यंत दोन्ही संघ ओळखू येत नाहीत. नवा ऐतिहासिक खेळ तयार करताना वर्ष १९२० निवडा, संघ निवडू नका, फक्त कमिशनर व्हा, म्हणजे सगळ्या संघांवर हात चालवता येणारा प्रशासक. आर्थिक व्यवहार बंद ठेवा. रूथला पगार दुप्पट हवा होता आणि मालक हॅरी फ्रेझी पैशांच्या अडचणीत होता, हे सगळं खरं. पण पैसा चालू ठेवलात तर संगणकाचा बॉस्टन त्याला स्वतःहूनच सोडून देईल आणि प्रयोग तिथेच संपेल. संगणकाने आपापसात करायचे ट्रेडही (खेळाडूंची देवाणघेवाण) पूर्ण बंद. दुखापती बंद केल्या नाहीत तरी चालतील, पण दोन्ही बाजूंना सेटिंग एकच हवी.

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग: खेळाडूंची गुणवत्ता कुठून येते? पर्याय दोन. पहिल्यात खेळ दर वर्षी खऱ्या आकडेवारीवरून गुण नव्याने मोजतो. दुसऱ्यात सुरुवातीचे गुण आकडेवारीवरून घेतो आणि पुढची वाढ-घसरण स्वतःच्या इंजिनावर सोडतो. पहिल्या पर्यायाला भविष्य माहीत असतं. १९२० मध्ये रूथ ५४ होम रन (बहुधा चेंडू थेट सीमेपार, क्रिकेटच्या षटकारासारखे) मारणार हे त्याला ठाऊक आहे, मग शर्टावर नाव कुठल्याही संघाचं असो. ‘रूथ घडला असता का’ हा प्रश्न असेल तर हा पर्याय निरुपयोगी. आपला प्रश्न संघांचा आहे, म्हणून इथे हाच योग्य. गुण किती वर्षांच्या आकड्यांवरून काढायचे तेही विचारलं जातं. तीन वर्षांची सरासरी घेतली तर एखाद्याचं एकच सुगीचं वर्ष डोक्यावर बसत नाही. मोजक्याच चेंडूंना सामोऱ्या गेलेल्या बॅटरचे गुण खाली ओढणारी एक वेगळी सेटिंग आहे, ती चालू करा. नाहीतर दहा वेळा बॅट धरून पाच हिट मारलेला कोणी अनाम माणूस लीगचा सर्वोत्तम बॅटर ठरतो आणि संगणकाचा मॅनेजर त्याला रोज खेळवतो.

पुढची चूक अनुभवी लोकही करतात, म्हणून जरा थांबून पाहू. खेळ प्रत्येक हंगामाचं एकूण उत्पादन इतिहासाशी जुळवतो. १९२० मध्ये अमेरिकन लीगच्या (बॉस्टन आणि यांकीज जिच्यात खेळत ती लीग) आठ संघांनी मिळून ३६९ होम रन मारले. त्यात यांकीजचे ११५, त्यातले ५४ एकट्या रूथचे. दुसऱ्या क्रमांकाच्या सेंट लुइस ब्राउन्सचे अख्ख्या संघाचे ५०. रूथ गेल्यावर उरलेल्या बॉस्टनचे सगळे मिळून २२. खेळाचे गुणांक ३६९ च्या आसपास बेरीज येईल असे बसवलेले असतात. तुम्ही आधी रूथला हलवलंत आणि मग गुणांक मोजायला लावलेत, तर मोठ्या मैदानात गेल्याने त्याचे जे होम रन घटले ते खेळ गुपचूप भरून काढतो. बेरीज कायम, पण जमा दुसऱ्यांच्या खात्यात. म्हणून क्रम असा: खेळ तयार करा, गुणांक बसू द्या, सेव्ह करा. रूथ त्यानंतर हलवा आणि गुणांक पुन्हा मोजायचं बटण दाबू नका.

मैदानाचा मुद्दा किरकोळ नाही. यांकीजचं स्वतःचं स्टेडियम १९२३ मध्ये उघडलं. तोवर ते जायंट्स या न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचे भाडेकरू म्हणून पोलो ग्राउंड्सवर खेळत. तिथली उजवी सीमा डावखुऱ्या रूथसाठी हाताच्या अंतरावर होती, फेनवेची उजवी बाजू मात्र लांबलचक. १९१९ मध्ये बॉस्टनकडून मारलेल्या २९ होम रनपैकी घरच्या मैदानावर फक्त ९. पुढच्या वर्षी ५४ पैकी २९ पोलो ग्राउंड्सवर. तेव्हा मैदानांचे त्या-त्या वर्षीचे ऐतिहासिक गुणांक लागू आहेत ना, हे आधी तपासा. ते नसतील तर ‘रूथ बॉस्टनमध्ये’ आणि ‘रूथ न्यूयॉर्कमध्ये’ यांत फक्त टोपीचा फरक राहतो.

हलवाहलव सोपी आहे. कमिशनर म्हणून रूथचं पान उघडा आणि त्याला बॉस्टनला पाठवा. त्यामुळे बॉस्टनकडे एक माणूस जास्त होतो. कमी करायचा कोण हे संगणकावर सोडू नका, तो भलत्यालाच मोकळा करतो. बेंचवरचा शेवटचा माणूस स्वतः राखीव यादीत टाका. मग जागा. उजव्या आउटफिल्डमध्ये हॅरी हूपर आहे, त्याला हात लावू नका. रूथ डावीकडे, म्हणजे माइक मेनोस्की बाकावर. रूथची पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) भूमिका काढून टाका. १९१९ मध्ये त्याने ९ सामने जिंकून दिले होते, तीन वर्षांच्या सरासरीत ते गुण शिल्लक राहतात आणि संगणकाचा मॅनेजर त्याला चेंडू देण्याच्या मोहात पडतो. पिचिंग केलं की बॅटिंगचे दिवस कमी होतात. खेळात एक दिवस पुढे जाऊन दोन्ही संघांचे लाइनअप डोळ्यांखालून घाला, मगच दुसरी सेव्ह करा.

आता तुमच्याकडे दोन सेव्ह आहेत: मूळ आणि बदललेली. दोन्ही प्रत्येकी वीस वेळा चालवायच्या. सेव्ह तीच असली तरी प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. मूळ सेव्ह चालवायचा कंटाळा करणारे खूप, पण सगळा प्रयोग तिच्यावर उभा आहे. प्रत्यक्ष इतिहासात १९२० ला बॉस्टनने ७२ सामने जिंकले, ८१ हरले. मूळ सेव्हच्या वीस हंगामांची सरासरी ७२ येईलच असं नाही, कारण इंजिन इतिहासाची नक्कल करत नाही, फक्त जवळ जातं. ती समजा ७६ आली, तर तुलना ७६ शी करायची. छापील इतिहासाशी तुलना केलीत तर इंजिनाची चूक रूथच्या खात्यात जमा होते.

वीसच का? १५४ सामन्यांच्या हंगामात मध्यम संघाचे विजय निव्वळ नशिबाने सहाएकांनी वर-खाली होतात. १५४ ला पावने गुणून वर्गमूळ काढा, ६.२ येतं. वीस हंगामांच्या सरासरीत हा धूसरपणा १.४ वर उतरतो आणि दोन सरासऱ्यांच्या फरकात दोनच्या आसपास राहतो. म्हणजे फरक चार विजयांहून कमी असेल तर गप्प बसावं. एकेका हंगामावर बोलणं म्हणजे मांडवीवरच्या कॅसिनोतून एका रात्री जिंकून आलेल्याकडून रुलेटची विद्या शिकणं.

नोंदी साध्या ठेवा: बॉस्टन, यांकीज, क्लीव्हलँड आणि शिकागोचे विजय, लीग कोणी जिंकली, रूथचे होम रन, तो बॅटिंगला किती वेळा आला. शेवटचा रकाना विसरू नका. दुखापतीने रूथ दोन महिने बाहेर असलेला हंगाम सरासरी खाली ओढतो आणि कारण नंतर आठवत नाही. तो हंगाम वगळू मात्र नका, मूळ सेव्हमध्येही तो तसाच आजारी पडतो. क्लीव्हलँड आणि शिकागो यासाठी की खऱ्या हंगामात क्लीव्हलँडने ९८ विजयांनी लीग घेतली, शिकागो ९६ आणि रूथसकट यांकीज ९५. रूथ गेल्यावर यांकीज किती खाली जातात याइतकंच पाहण्यासारखं आहे, क्लीव्हलँड-शिकागोची चुरस कशी बदलते ते.

एक वर्षावर भागत नसेल आणि दशक चालवायचं असेल तर खरी गंमत ट्रेडच्या सेटिंगमध्ये आहे. ‘ऐतिहासिक व्यवहार’ चालू ठेवलेत तर रूथ थांबला तरी बाकीचे जातातच: डिसेंबर १९२० मध्ये वेट हॉइट, पुढच्या डिसेंबरात एव्हरेट स्कॉट, जो बुश आणि सॅम जोन्स, १९२२ मध्ये जो ड्यूगन, १९२३ च्या जानेवारीत हर्ब पेनॉक. सगळे बॉस्टनहून यांकीजकडे. हूपरही १९२१ मध्ये शिकागोला जातो. प्रत्यक्षात १९२२ ते १९३० या नऊ हंगामांत बॉस्टन आठ वेळा तळाला होतं, ते एका माणसामुळे नव्हे. म्हणून दशकासाठी चार संच लागतात: रूथ इथे किंवा तिथे, आणि दोन्हींत व्यवहार चालू किंवा बंद.

‘इतिहासाप्रमाणे निवृत्ती’ चालू असेल तर आणखी एक खोच. शिकागोचा जो जॅक्सन १९२० मध्ये ०.३८२ च्या सरासरीने खेळला आणि लाचप्रकरणी कायमचा बाहेर गेला. खेळाला लाच कळत नाही, आकडेवारी संपली एवढंच कळतं, तेव्हा तो माणूस मुकाट निवृत्त होतो. त्याला ठेवायचा असेल तर फक्त त्याच्यापुरती निवृत्ती हाताने थांबवा आणि गुणांची फेरमोजणीही बंद करा, कारण पुढे मोजायला आकडेच नाहीत.

सेव्हला नावं ‘मूळ-०१’, ‘बदल-०१’ अशी द्या, ‘नवीन-फायनल’ अशी नकोत. हंगाम संपला की आकडे कागदावर किंवा शीटमध्ये उतरवून ती प्रत पुसा. चाळीस प्रतींनी डिस्क भरते. आणि डेस्कटॉपवर चालवत असाल तर आषाढात यूपीएसशिवाय बसू नका. सेव्ह होत असताना वीज गेली तर मूळ प्रतच बिघडू शकते, म्हणून तिची एक नक्कल पेनड्राइव्हवर आधीच काढून ठेवा.