रँचवर लेकीची पहिली शिकार: गोळीनंतरचं कोणी सांगत नाही

टेक्सासमध्ये मुलांना हरणाच्या शिकारीला नेणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी हे लिहितेय, आणि थोडं चिडूनच. माझ्या सासरच्या मंडळींनी रायफल, स्कोप (रायफलवरची दुर्बीण), ब्लाइंडमध्ये (शिकाऱ्यानं लपून बसायच्या खोपट्यात) गप्प कसं बसायचं यावर महिनाभर शिकवण्या घेतल्या. गोळी लागल्यावर पुढे काय, हे एकानंही सांगितलं नाही. खरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

आधी कायद्याचं उरकते. जमीन घरची असली तरी हरणं घरची नसतात. त्यामुळे मालकाच्या नातीलाही लायसन्स लागतंच. 17 वर्षांखालच्यांना ते 7 डॉलरला मिळतं. ऑक्टोबरअखेरीस खास मुलांचा सीझन असतो, त्यात हरणावर गोळी फक्त 16 किंवा त्याहून कमी वयाच्यांनी झाडायची. सोबतच्या मोठ्या माणसाकडे स्वतःचं लायसन्स हवं. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. सासऱ्यांना वयामुळे सूट आहे, मला नव्हती. मी कोर्स केला, तुम्हीही टाळू नका. लेक शिकारीला जाणार हे माहेरी कळलं तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाल्यावर वाढलेल्यांना ते पटणं अवघडच. पण हिल कंट्रीतले (मध्य टेक्सासच्या या डोंगराळ भागातले) लांडगे केव्हाच संपलेत आणि हरणं उदंड झालीत, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

शुक्रवारचा प्रवास, शनिवारची सकाळ, सगळं छान. ते सोडते.

संध्याकाळी फीडरमधून (हरणांना दाणे टाकणाऱ्या यंत्रातून) मका पडला, माद्या आल्या. लेकीनं .243 रायफल टेकूवर ठेवली, हरीण आडवं होईपर्यंत थांबली आणि खांद्यामागे गोळी घातली. दहा वर्षांच्या मुलीचा इतका शांत हात मी पाहिला नव्हता. मादी उडी मारून ओढ्याकडे पळाली. छातीत नीट बसलेल्या गोळीनंतरही हरीण शंभर यार्ड सहज पळतं. पोराला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "मी चुकले" म्हणून ते रडायला लागतं. आमचंही रडलं.

मग अर्धा तास थांबायचं. घाई केली तर जखमी हरीण उठून आणखी लांब जातं. रक्त फेसाळ, गुलाबीसर असेल तर फुफ्फुस, हरीण जवळच असतं. हिरवट आणि वास येणारं असेल तर पोट, मग कित्येक तास थांबावं लागतं. आमचं रक्त गुलाबी होतं, पण तोवर अंधार पडला.

ब्लाइंडपासून ओढ्यापर्यंतच्या त्या पट्ट्याबद्दल सासरे म्हणाले होते, "पाच मिनिटांची वाट." वाट नाहीच तिथे. चुनखडीचे सुटे दगड, सीडरच्या झाडांची दाटी आणि मध्येमध्ये गुडघाभर निवडुंग. मोठे काटे दिसतात तरी. केसासारखे बारीक काटे लेकीच्या पँटमधून आत गेले, ते रात्री चिमट्यानं काढत बसलो. पुढे कुंपण, खांबांना जांभळा रंग. तो रंग म्हणजे पाऊल टाकायचं नाही. जखमी हरीण पलीकडे गेलं तरी शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून त्याचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा. आमची मादी कुंपणाच्या अलीकडे पडलेली सापडली, तेव्हा मला हुंदका आला.

जाड कॅनव्हासची पँट, प्रत्येकाला डोक्याचा टॉर्च, जास्तीची बॅटरी. फोनच्या उजेडात रक्ताचे थेंब दिसत नाहीत. आणि बारा वर्षांखालच्या मुलाला ऑक्टोबरात संध्याकाळच्या शिकारीला नेऊ नका. सकाळीच न्या, म्हणजे शोधायला अख्खा दिवस मिळतो.

हरणाजवळ पोचताच लायसन्सच्या टॅगवरचा (हरणाला बांधायच्या चिठ्ठीवरचा) महिना आणि तारीख कापून तो लगेच बांधायचा. मग आतडी काढायची आणि पोटात बर्फ भरायचा. ऑक्टोबरात रात्रीही पुरेशी थंडी नसते, मांस झपाट्यानं खराब होतं. बर्फ निघतानाच घ्या, गावातलं दुकान लवकर बंद होतं.

आता प्रोसेसर, म्हणजे हरीण कापून मांस पॅक करून देणारा. बोर्डावरचा दर वाचून आम्ही हरीण दिलं आणि बिल दुपटीच्या वर आलं. कातडं काढायचे वेगळे, व्हॅक्युम पॅकिंगचे वेगळे. सॉसेजमध्ये डुकराची चरबी घालतात आणि तयार वजनावर पैसे लावतात, म्हणजे त्यांनीच घातलेल्या चरबीचेही पैसे आपणच भरायचे. इथली मादी लहानखुरी, हाडं काढून 25-30 पाऊंड मांस निघालं तर निघालं. एवढ्यासाठी ते बिल म्हणजे लूट आहे. द्यायचंच असेल तर फक्त साधे तुकडे आणि खिमा सांगा, आणि एकूण रक्कम लिहून घेतल्याशिवाय हरीण गाडीतून उतरवू नका.

जानेवारीत मुलांचा सीझन पुन्हा असतो. थंडी असते, मांस टिकतं. लेक जायचं म्हणतेय. आम्ही सकाळी जाणार आणि मटण सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये स्वतः कापणार.