'ठरलं' म्हणायचं नाही

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर एकाच मॉडेलबद्दल अकरा डीलरांच्या तक्रारी येऊन पडलेल्या. सूर एकच: त्या ऑनलाइन दुकानाला सगळं माफ, मग आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?

अमेरिकेच्या बाजारात आमच्या कंपनीचं 'मॅप' धोरण आहे, म्हणजे किमान जाहिरात किंमत. त्यावर नजर ठेवणं हे माझं काम. डीलरने माल कितीला विकावा ते आम्ही सांगत नाही; जाहिरातीत अमुक आकड्याच्या खाली जायचं नाही, एवढंच. म्हणून तर काही ठिकाणी किमतीच्या जागी 'किंमत पाहण्यासाठी कार्टमध्ये टाका' असं दिसतं. युरोपात हाच प्रकार केला तर विक्रीची किंमत बांधून दिल्याचा ठपका येतो, त्यामुळे तिकडे आम्ही त्या वाटेला जात नाही.

किंमत पाडणारे बहुतेक जण शुक्रवारी संध्याकाळी पाडतात आणि सोमवारी उजाडायच्या आत पुन्हा वर नेतात. या वेळी त्या ऑनलाइन दुकानाचा आकडा सोमवारीही तसाच होता. तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घेतले आणि दुकानाला नेहमीचं पत्र धाडलं: त्या मॉडेलचा पुरवठा तीस दिवस बंद.

तासाभरात दुकानाच्या मालकाचा फोन. आठ वर्षांचा डीलर, बोलायला गोड माणूस. "किंमत आत्ताच्या आत्ता वर नेतो. पुन्हा होणार नाही. तुम्ही माल चालू ठेवा. ठरलं?"

'ठरलं' हा एक शब्द मला म्हणता येत नाही. 1919 च्या कोलगेट खटल्यापासून अमेरिकेत कंपनीला आपलं धोरण एकतर्फी जाहीर करण्याची आणि न पाळणाऱ्याला माल नाकारण्याची मुभा आहे. पण डीलरकडून धोरण पाळण्याची कबुली घेतली आणि त्या बदल्यात माल सुरू केला, की तो किंमत बांधण्याचा करार ठरू शकतो. पार्क, डेव्हिस ही औषध कंपनी 1960 साली अशाच आश्वासनांपायी अडकली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या लीगिन निकालानंतर असा प्रत्येक करार आपोआप बेकायदा ठरत नाही, हे खरं. तरी आमचा कायदा विभाग दुधाने तोंड पोळल्यासारखा ताकही फुंकून पितो. त्यांनी पढवलेलं वाक्यच मी म्हटलं, "धोरण तुमच्याकडे आहे. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"अहो, पण मी हो म्हणतोय ना!"

तेच तर मला ऐकायचं नव्हतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. स्वतःचाच राग आला.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "किंमत मी हाताने पाडलीच नाही. आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या आकड्याशी बरोबरी करतं." तो दुसरा शोधला. मार्केटप्लेसवरचा कुणीतरी, आमच्या डीलरांच्या यादीत नसलेला. त्याला आम्ही मालच देत नव्हतो, तर थांबवणार काय? त्याच्याकडूनच एक नग मागवला.

गुरुवारी खोकं आलं. बाहेरच्या लेबलवरचा सीरियल नंबर ब्लेडने खरवडलेला, कागदाचे पांढरे तंतू वर आलेले. पण घाईत त्याने आतलं पाहिलं नव्हतं. बॅटरीचं झाकण काढलं, तिथे दुसरं लेबल, अंगठ्याच्या नखाएवढं, जसंच्या तसं. नंबर सिस्टीममध्ये टाकला. घाऊक वितरकाला गेलेली सहाशे नगांची ऑर्डर, तिमाहीच्या शेवटच्या दिवशी, जादा सवलतीसह. मंजुरी आमच्याच विक्रीप्रमुखांची. ते माझ्यापासून चार टेबलं सोडून बसतात.

खोकं नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. "टार्गेट अडलं होतं," एवढंच म्हणाले, आणि जेवायला येतोस का विचारलं.

वितरकाची ती सवलत पुढे बंद झाली. डीलरचे तीस दिवस मात्र पुरे भरले. मध्येच माफी दिली तर तीही सौदेबाजीच दिसली असती. एकतिसाव्या दिवशी त्याची ऑर्डर आली, नेहमीच्या निम्मी.