तुम्ही विचारलंत म्हणून: देल बॉस्केंनी नेमकं केलं काय?

माझ्याकडे संध्याकाळी फुटबॉल शिकायला येणारी मुलं, त्यांना न्यायला येणारे पालक, कठड्यावर बसून मॅच बघणारे तालमीचे जुने खेळाडू, सगळ्यांना माझा आवडता प्रशिक्षक ठाऊक आहे. स्पेनला २०१० चा वर्ल्ड कप जिंकून देणारे विसेंते देल बॉस्के. हे नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: "सर, पण त्यांनी केलं काय? झाव्ही, इनिएस्टा, कॅसियास असे खेळाडू हाताशी असल्यावर कुणीही जिंकलं असतं."

गार्डिओलासारख्या प्रशिक्षकाबद्दल असं कुणी विचारत नाही. मोरिन्यो तर रेषेवर उभा राहून हातवारे करताना सगळ्यांनी पाहिलेला. देल बॉस्के मात्र जाड मिशी, सूट-टाय, बाकावर शांत बसलेले. गोल झाला तरी फार तर उठून उभे राहणार. आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठापेठांतून ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात, खेळावर जीव टाकणारी माणसं आहेत ही, आणि त्यांना असा न ओरडणारा प्रशिक्षक पटकन पटत नाही. तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून मीही सविस्तर सांगतो.

आधी त्यांचा खेळ. स्पेनमधल्या सालामांका या जुन्या विद्यापीठाच्या शहरात २३ डिसेंबर १९५० ला त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीला. यादवी युद्धात हरलेल्या प्रजासत्ताकाच्या बाजूचे आणि त्यापायी तुरुंगात राहून आलेले. १९६८ मध्ये मुलगा रियल माद्रिद या बड्या क्लबच्या युवा संघात दाखल झाला. लगेच काही मोठ्या संघात जागा मिळाली नाही. क्लबनं त्यांना कास्तेयोन आणि कोर्दोबा या क्लबांकडे खेळायला पाठवलं. १९७३ पासून मात्र ते माद्रिदच्या मधल्या फळीत पक्के झाले आणि १९८४ पर्यंत तिथेच राहिले. पाच वेळा लीग, चार वेळा स्पॅनिश कप. देशाकडून १८ सामने.

वेग त्यांच्याकडे कधीच नव्हता. उंच, सावकाश चालणारा मिडफिल्डर. पण चेंडू पायात येण्याआधीच तो कुठे जाणार हे त्यांचं ठरलेलं असायचं. ज्याला पळून कुणाला गाठता येत नाही, त्याला आधी बघावं लागतं आणि आधी ठरवावं लागतं. मला वाटतं, पुढे बाकावर बसून त्यांनी जे केलं त्याचं मूळ इथे आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या काळात स्पेनमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. १९७८ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली, पुढच्या वर्षी संपही झाला, आणि माद्रिदसारख्या बड्या क्लबात सुरक्षित असलेले देल बॉस्के त्या चळवळीत उतरले. ड्रेसिंग रूममधल्या शेवटच्या बदली खेळाडूला काय वाटत असेल, याचा विचार ते खेळत असतानाच करत होते.

खेळणं थांबल्यावर त्यांनी काय केलं, तर माद्रिदच्या मुलांना घडवलं. दुसरा संघ, मग सगळं युवा केंद्र, असं जवळजवळ दीड दशक. मला त्यांच्या आयुष्यातली हीच वर्षं सगळ्यात जवळची वाटतात. मोठ्या संघाचा प्रशिक्षक काढला की तात्पुरतं यांना बोलवायचं, नवा मिळाला की हे पुन्हा मुलांकडे. १९९४ मध्ये असं झालं, १९९६ मध्ये पुन्हा. त्यांनी तक्रार केली नाही, दुसरीकडे अर्ज केले नाहीत.

नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रशिक्षक जॉन टोशॅक यांना हटवलं आणि पुन्हा निरोप आला. या वेळी मात्र ते राहिले.

"केलं काय" याचं पहिलं उत्तर त्याच मोसमात आहे. माद्रिदची अवस्था वाईट होती. लीगमध्ये शेवटी पाचवा क्रमांक आला. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, बायर्न म्युनिकनं साखळीत दोनदा हरवलं, एकदा ४-२ आणि एकदा ४-१. उपांत्यपूर्व फेरीत समोर गतविजेता मँचेस्टर युनायटेड, घरच्या मैदानावर ०-० आणि आता ओल्ड ट्रॅफर्डला जायचं. देल बॉस्केंनी तिथे बचावाची रचनाच बदलली. कारांका आणि इवान कांपो यांच्यामध्ये इवान एल्गेराला उभं करून तीन जणांची फळी केली. त्यामुळे सालगादो आणि रोबेर्तो कार्लोस हे कडेचे बचावपटू दोन्ही बाजूंनी मोकळे झाले. युनायटेडची सगळी ताकद कडेनं येऊन क्रॉस टाकण्यात होती. तिथेच त्यांच्यासमोर माद्रिदचा माणूस उभा राहू लागला. माद्रिदनं ३-० आघाडी घेतली आणि ३-२ असा सामना जिंकला. लोकांना माद्रिदच्या रेदोन्दोनं टाचेनं चेंडू ढकलून युनायटेडच्या बर्गला चकवलं आणि राउलला गोल दिला तेवढंच आठवतं. आठवावंच. पण रेदोन्दो एवढा पुढे निर्धास्त जाऊ शकला, कारण मागे तीन माणसं उभी होती. पॅरिसजवळच्या साँ-देनीत व्हॅलेन्सियाला ३-० हरवून त्यांनी कप उचलला.

मग फिगो आला, झिदान आला, रोनाल्डो आला. २००१ ची लीग, २००२ ची चॅम्पियन्स लीग, २००३ ची लीग. क्लबचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेस दरवर्षी एक नवा तारा आणत होते आणि त्या सगळ्यांना एका संघात बसवायचं काम या माणसाकडे होतं. त्यांनी बचाव सांभाळणाऱ्या मिडफिल्डर क्लॉड मॅकेलेलेला मागे ठेवून पुढच्यांना मोकळं सोडलं. २२ जून २००३ ला माद्रिदनं लीग जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं की देल बॉस्केंचा करार वाढवणार नाही. दोन चॅम्पियन्स लीग आणि दोन लीग देणारा, क्लबमध्ये उभं आयुष्य घालवलेला माणूस! त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला आणि मॅकेलेले चेल्सीला गेला. त्यानंतर पुढची लीग मिळायला माद्रिदला २००७ उजाडलं. मधल्या काळात पाच प्रशिक्षक आले-गेले, लीग मिळाली ती सहाव्याला. तुम्ही म्हणता ना, कुणीही जिंकलं असतं? खेळाडू जवळपास तेच होते. पाच जणांनी करून पाहिलं.

पुढे ते तुर्कस्तानात बेशिक्ताश क्लबला गेले, तिथे जमलं नाही, मोसमाच्या मध्येच परत आले. त्यावर फार सांगण्यासारखं नाही.

२००८ मध्ये लुइस आरागोनेस यांनी स्पेनला युरो कप जिंकून दिला आणि त्यांच्या जागी देल बॉस्के आले. जिंकलेला संघ हाती घेणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी जिंकलेला संघ हाती घेतलेला नसतो. काही बदललं आणि हरलो तर "कशाला हात लावला?" आणि नाही बदललं तर "यांनी केलं काय?" देल बॉस्केंनी एक मोठा बदल केला. मधल्या फळीत बचावाच्या पुढ्यात खोल उभे राहणारे एकाऐवजी दोन मिडफिल्डर ठेवले, शाबी अलोन्सो आणि जेमतेम दोन मोसम मोठ्या पातळीवर खेळलेला सर्जिओ बुस्केट्स.

१६ जून २०१०, डर्बन. वर्ल्ड कपची पहिली मॅच आणि स्पेन स्वित्झर्लंडकडून ०-१ हरलं. स्पेनमध्ये गदारोळ झाला. दोघं कशाला, एक कमी करा, असं सगळे म्हणू लागले, खुद्द आरागोनेस यांनीही टीका केली. देल बॉस्केंनी उत्तर दिलं की मी पुन्हा खेळाडू झालो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडेल. एवढंच. पत्रकारांशी वाद नाही, आवाज चढवणं नाही. जेमतेम एकविशी गाठलेल्या पोराला अख्खा देश नावं ठेवतोय आणि प्रशिक्षक म्हणतोय की मला तुझ्यासारखं व्हायचंय! मी मुलांना शिकवतो म्हणून सांगतो, एका वाक्यात एवढं बळ देणं फार कमी लोकांना जमतं.

होंडुरासविरुद्ध त्यांनी पुढच्या फळीत बदल केले, पण मधल्या जोडीला हात लावला नाही. ती जोडी का हवी होती हे नीट पाहिलं तर कळतं. स्पेनचे कडेचे बचावपटू रामोस आणि कापदेविला सतत वर जायचे. चेंडू गेला तर मागे पुयोल आणि पिके दोघंच. तेव्हा बुस्केट्स आणि अलोन्सो मध्ये उभे असल्यामुळे समोरच्याला सरळ धावायला वाटच मिळत नसे. सात सामन्यांत स्पेननं फक्त दोन गोल खाल्ले. बाद फेरीत एकही नाही. पोर्तुगाल, पाराग्वे, जर्मनी, नेदरलँड्स, चारही सामने १-०. स्वतः एकूण आठच गोल केले. सलामीचा सामना हरून वर्ल्ड कप जिंकणारा स्पेन हा पहिला संघ.

आता अंतिम सामना, ११ जुलै, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी. नेदरलँड्सनं अंगावर येऊन खेळायचं ठरवलं होतं. डी यॉंगची लाथ अलोन्सोच्या छातीत बसली ते तुम्ही पाहिलं असेल. सामना गोलशून्य राहिला. तासाभरानं देल बॉस्केंनी पेद्रोला काढून हेसूस नावासला आणलं. पेद्रो आत वळणारा, नावास रेषेला चिकटून पळणारा. ८७ व्या मिनिटाला अलोन्सोच्या जागी फाब्रेगास. म्हणजे ज्या जोडीसाठी सगळ्या देशाशी शांतपणे भांडले, ती त्यांनी स्वतः मोडली, पण वेळ आली तेव्हा. जादा वेळेत दमलेल्या व्हियाच्या जागी तोरेस. तोरेसची ती स्पर्धा खराब गेली होती, तो पूर्ण तंदुरुस्तही नव्हता.

११६ वं मिनिट. नावास आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन पळत सुटतो, तीन-चार डच खेळाडू त्याच्याकडे ओढले जातात. चेंडू सुटून इनिएस्टाकडे येतो, तो टाचेनं फाब्रेगासला देतो. फाब्रेगास पुन्हा नावासला, नावास डावीकडे तोरेसला. तोरेसचा क्रॉस डच पायाला लागून अडतो, पण चेंडू पडतो फाब्रेगाससमोर. फाब्रेगासचा पास, इनिएस्टाचा फटका, गोल. नावास, तोरेस, फाब्रेगास. तिन्ही बदली खेळाडूंचे पाय त्या एका चालीत आहेत. बाकावरून माणसं निवडण्याचं याहून चोख काम मी वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात पाहिलेलं नाही.

त्यानंतरचं वर्ष त्यांच्यासाठी वर्ल्ड कपपेक्षा अवघड असावं. २०११ मध्ये माद्रिद आणि बार्सिलोना अठरा दिवसांत चार वेळा भिडले. मैदानावर ढकलाढकली, बाहेर शेरेबाजी, आणि त्याच दोन क्लबांवर स्पेनचा संघ उभा. माद्रिदच्या कॅसियासनं बार्सिलोनाच्या झाव्ही आणि पुयोलला फोन करून ते मिटवलं, याचं श्रेय त्या खेळाडूंचंच. पण राष्ट्रीय शिबिरात दोन गट होऊ न देणारं वातावरण आधीपासून होतं, आणि ते राखणारा माणूस खुद्द माद्रिदचा असूनही बार्सिलोनाच्या मुलांना कधी परका वाटला नाही. २०१२ च्या युरोत स्ट्रायकर न ठेवता फाब्रेगासला पुढे खेळवलं. कंटाळवाणा खेळ म्हणून लोक ओरडले, आणि कीव्हला अंतिम सामन्यात इटलीला ४-० हरवलं.

उतारही सांगितला पाहिजे, नाहीतर उत्तर अर्धंच राहील. २०१४ ला साल्वादोरमध्ये नेदरलँड्सकडून ५-१, मग माराकानात चिलीकडून २-०, आणि जगज्जेते साखळीतच बाहेर. माझ्या मते देल बॉस्केंनी त्या मुलांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला. ज्यांनी सगळं जिंकून दिलं त्यांना सांगायचं असतं की आता थांब, ते त्यांच्याकडून वेळेत झालं नाही. २०१० मध्ये ज्या स्वभावानं बुस्केट्सला वाचवलं, त्याच स्वभावाची ही किंमत. २०१६ च्या युरोत इटलीनं २-० हरवलं आणि ते पायउतार झाले. तो सामनाही साँ-देनीतच झाला, जिथे सोळा वर्षांपूर्वी त्यांनी प्रशिक्षक म्हणून पहिला चॅम्पियन्स लीगचा कप उचलला होता. वर्ल्ड कप, युरो आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक.

२०२४ मध्ये स्पॅनिश फुटबॉल संघटना घोटाळ्यांनी पार बदनाम झाली, तेव्हा सरकारनं तिच्यावर देखरेख ठेवायला समिती नेमली आणि अध्यक्ष केलं देल बॉस्केंना. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी दोन सामने पाहायला सांगतो, एप्रिल २००० चा ओल्ड ट्रॅफर्डचा आणि २०१० चा अंतिम. पालकांनीही पाहावेत. पहिल्यात चेंडूमागे न जाता एल्गेरा कुठे उभा आहे तेवढं बघा. दुसरा साठाव्या मिनिटापासून लावा, नावास आत येतो तिथून, आणि डच खेळाडूंचा डावीकडचा बचाव हळूहळू कसा फाकत जातो ते बघत राहा. मग पुढच्या शनिवारी मैदानावर या, सराव संपल्यावर बसून बोलू.