दगडाखालून येणारा वारा

मी माइन सर्व्हेयर आहे, अकरा वर्षं झाली या कामात. त्या दिवशीचं काम तसं अर्ध्या तासाचं होतं. ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणलेली खाण, वाढवणार होते, नवीन हॉल रोडची, म्हणजे मालवाहतुकीच्या रस्त्याची लाइन आखायची होती आणि मधे येणारा एक दगड उचलून दोनशे मीटर लांब न्यायचा होता, त्यासाठी खुंट्या मारायच्या. डोझर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. नकाशावर त्या दगडाला 'अडथळा क्र. ७' लिहिलेलं. प्रत्यक्षात ते स्मारक होतं, जुन्या अंडरग्राउंड खाणीत पाणी घुसून गेलेल्या एकोणीस माणसांची नावं त्यावर कोरलेली.

तिथे एक रिटायर्ड काका बसले होते. त्याच खाणीत नोकरी झालेली, आणि दगडावरचं सहावं नाव त्यांच्या वडलांचं. मला वाटलं आता वाद होणार. पण ते एवढंच म्हणाले, "मॅडम, न्यायचा तर न्या, पण खाली काय आहे ते बघितलंय का कुणी? पाऊस यायच्या आधी इथून वारा येतो."

हे ऐकून अंगावर काटाच आला, कारण ते काय सांगतायत ते मला लगेच कळलं. बंद पडलेली खाण श्वास घेते असं आम्ही म्हणतो, म्हणजे बाहेरचा हवेचा दाब वाढला की हवा आत जाते आणि पावसाळी वातावरणात दाब उतरला की आतली हवा मिळेल त्या फटीतून बाहेर येते. आणि ती हवा साधी नसते, ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त. कोळशाच्या खाणीत मिथेनही असू शकतो. कमी ऑक्सिजनला वास नाही रंग नाही, माणूस खड्ड्यात वाकतो आणि उठतच नाही.

आभाळ भरून आलेलंच होतं. गॅस डिटेक्टर काठीला बांधून लांबूनच दगडाच्या पायाशी नेला. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवत होता, फटीजवळ १९.५ च्या खाली जाऊन अलार्म वाजायला लागला आणि १६.८ वर थांबला. तेव्हा लक्षात आलं की पायाभोवतीचं गवतही तेवढंच वाळलेलं आहे. काकांना हाताला धरून वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेलं, टीमला सांगितलं कुणी पुढे यायचं नाही.

आता नकाशावर जुना शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, होता, नाही असं नाही, पण तो तिथून ३५ मीटर लांब, आणि पुढे 'भरलेला' असा शेरा. गाडीत बसून मी मूळ प्लॅनचं स्कॅन उघडलं. मूळ प्लॅन चुंबकीय उत्तरेवर, म्हणजे होकायंत्र दाखवतं त्या उत्तरेवर काढलेला, आणि कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी ती खरी उत्तर धरली होती. दोन अंशांचा फरक. संदर्भाचा खांब एक किलोमीटरवर, म्हणजे तिथे पोचेपर्यंत बरोबर ३५ मीटर! ज्यांनी तो दगड बसवला त्यांनी तो शाफ्टच्या तोंडाशीच बसवला होता, कारण त्यांची माणसं तिथूनच खाली गेली होती. नकाशा चुकला होता, दगड बरोबर होता.

काम थांबवा म्हणून फोन केला, त्यावर बरीच बोलाचाली झाली, ती इथे लिहीत नाही. दोन दिवसांनी बाजूच्या पक्क्या जमिनीवर ड्रिलिंगची रिग उभी करून तिरका होल मारला, साधारण सहा मीटरवर रॉड मोकळा सुटला, म्हणजे खाली पोकळी. वर जुने लाकडी स्लीपर आणि त्यावर माती, भराव कधीच खाली बसलेला. त्यावर डोझर गेला असता तर ऑपरेटरचं काय झालं असतं, मला आजही विचार करवत नाही.

जुन्या नकाशांचं हे दुखणं जुनंच आहे. २००२ मधे अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या क्यूक्रीक खाणीत नऊ कामगार असेच अडकले होते, शेजारच्या पाण्याने भरलेल्या बंद खाणीची हद्द नकाशात चुकीची होती. तीन दिवसांनी ते सगळे जिवंत निघाले. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला तसं नशीब नव्हतं, जुन्या कामातलं, म्हणजे आधी खणून सोडलेल्या भागातलं पाणी खाली फुटलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. आपल्याकडे पाण्याने भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, पण ते ६० मीटर मोजायचे कुठून, तर त्याच नकाशावरून ना.

पुढे शाफ्टवर काँक्रीटची कॅप बसली, तोंडाच्या दुप्पट रुंदीची, आणि गॅस कोंडू नये म्हणून व्हेंट पाइप. रस्ता वळवला. दगडाचं काय करायचं ते घरच्या लोकांना बोलावून विचारलं, हे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं आणि मीही केलं नव्हतं, त्याची मला लाज वाटते. त्यांनी तो कॅपच्या कुंपणालगत ठेवायला सांगितला, नावं रस्त्याकडे करून.

नवीन प्लॅन मीच काढला. 'अडथळा क्र. ७' खोडलं, तिथे शाफ्टचे को-ऑर्डिनेट्स टाकले, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकोणीसच्या एकोणीस नावं पूर्ण लिहिली. रकाना पुरेना म्हणून समासात गेले. काकांनी चष्मा लावून सहावं नाव दोनदा तपासलं, मग बाकीची.